चौऱ्याहत्तर वर्षांच्या आईचा रक्ताचा रिपोर्ट कसा वाचायचा

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. आई सोलापुरात, अशोक चौकाच्या बाजूला राहतात, तुम्ही पुण्यात. वय ७४, वजन ४२ किलो. आयुष्यभर विड्या वळल्या, आता घरीच असतात. ब्लड प्रेशरसाठी टेल्मिसार्टन आणि अम्लोडिपिन चालू आहे, मधुमेह नाही. गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून आणलेली एक गोळी त्या ‘लागली तर’ घेतात. मे महिन्यात तुम्ही फुल बॉडी चेकअपचं पॅकेज बुक केलं, सकाळी सातला मुलगा घरी येऊन रक्त घेऊन गेला आणि रात्री मोबाईलवर रिपोर्ट आला. क्रिएटिनिन १.१, त्यावर काही खूण नाही. ईजीएफआर, म्हणजे किडनी किती काम करते याचा अंदाज, ५३, लाल. पोटॅशियम ५.९, लाल. हृदयावरचा ताण सांगणारं एनटी-प्रोबीएनपी ७८०, समोर ‘१२५ पेक्षा कमी हवं’ असं लिहिलेलं, तेही लाल. हिमोग्लोबिन १०.२. संध्याकाळी पायावर थोडी सूज येते. फॅमिली डॉक्टर म्हणाले, घाबरू नका. तुम्ही विचारता, आईची किडनी गेली का, हार्ट फेल झालंय का, आणि विश्वास कुणावर ठेवायचा.

मी सोलापुरात २६ वर्षं मेडिसिनची प्रॅक्टिस करतोय आणि माझ्याकडे येणाऱ्यांत निम्म्याहून जास्त लोक साठीच्या पुढचे आहेत. तुमच्या डॉक्टरांचं म्हणणं बरोबर आहे, पण ‘घाबरू नका’ म्हणजे ‘काही करू नका’ नव्हे. त्यातली एक गोष्ट तर आजच करायची आहे.

ती म्हणजे पोटॅशियम. ५.९ हा आकडा खरा असेल तर हृदयाच्या ठोक्यांना धोका असतो. पण तो खरा आहे का, हे आधी ठरवावं लागतं. आपल्या पेशींच्या आत पोटॅशियम साधारण १४० असतं आणि बाहेर रक्तद्रवात ४ च्या आसपास. त्यामुळे नळीतल्या थोड्याशा तांबड्या पेशी फुटल्या तरी आकडा चढतो. म्हाताऱ्या माणसाची शीर सापडत नाही, मग दंडाला पट्टा बराच वेळ आवळून ठेवतात, ‘मूठ उघडझाक करा’ म्हणतात, बारीक सुईने जोर लावून रक्त ओढतात. मग ती नळी बाईकच्या डबीत धक्के खात गावभर फिरते आणि दुपारी लॅबमध्ये पोचते. सीरम वेळेत वेगळं केलं नाही तर पोटॅशियम पेशींतून बाहेर झिरपत राहतं. रिपोर्टच्या खाली बारीक अक्षरात ‘हिमोलाइज्ड’ (म्हणजे पेशी फुटलेल्या) असं काही लिहिलंय का बघा. आईंना थेट लॅबमध्ये न्या, मूठ न आवळता रक्त द्यायला सांगा, आणि त्याच फेरीत ईसीजी काढा. अशक्तपणा वाटत असेल, छातीत धडधड होत असेल, चक्कर येत असेल तर लॅबही नको, सरळ हॉस्पिटल गाठा.

आता किडनी. तुम्हाला बुचकळ्यात टाकलं ते क्रिएटिनिन आणि ईजीएफआर या जोडीने. एक म्हणतं ठीक, दुसरं म्हणतं बिघडलंय, आणि दोन्ही एकाच नळीतून आलेत. क्रिएटिनिन हा स्नायूंचा कचरा आहे. स्नायू तो रोज तयार करतात, किडनी तो लघवीवाटे बाहेर टाकते. रक्तात तो किती उरला यावरून किडनी किती काम करते याचा अंदाज बांधतात. पण कचरा मुळात किती तयार होतो हे माणसागणिक वेगळं असतं. तीस वर्षांच्या कष्टकरी पुरुषाचं क्रिएटिनिन १.१ असेल तर सध्या वापरात असलेल्या २०२१ च्या सूत्राने त्याचा ईजीएफआर ९३ येतो. तेवढंच १.१ चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईचं असेल तर येतो ५३. लॅबचं सॉफ्टवेअर क्रिएटिनिनला वय न बघता मर्यादा लावतं, म्हणून ते काळ्या अक्षरात आलं. सूत्रात वय आणि स्त्री-पुरुष भेद धरलेला असतो, म्हणून ईजीएफआर लाल झाला.

त्यात आणखी एक गोम आहे. क्रिएटिनिन मोजताना ०.१ चा फरक अगदी चांगल्या लॅबमध्येही पडतो. आईंचं १.१ ऐवजी १.० आलं असतं तर ईजीएफआर ५९ झाला असता, आणि ०.९ आलं असतं तर ६७. आता ६७ लाल नसतो. रात्री तुम्हाला झोप लागली नाही, ती एवढ्याशा फरकापायी. म्हणून किडनीचा जुना आजार असं म्हणायला तो बिघाड किमान ३ महिने टिकलेला दिसावा लागतो. एका रिपोर्टवर हा शिक्का मारत नाहीत. ४५ ते ५९ ही तिसऱ्या टप्प्याची पहिली पायरी समजतात, आणि चाळिशीनंतर दरवर्षी साधारण एकेक अंक निरोगी माणसाचाही घसरत असतो. डायलिसिसचा विचार १५ च्या खाली गेल्यावर सुरू होतो, तोही लक्षणं बघून. ५३ आणि डायलिसिस यांत फार मोठं अंतर आहे, आणि बहुतेक म्हातारी माणसं ते अंतर कधी ओलांडतच नाहीत.

पण याच्या उलटी चूकही होते, आणि तिची मला जास्त काळजी वाटते. एक अनुभव सांगतो. माझ्याकडे ७७ वर्षांच्या एक आजी यायच्या. क्रिएटिनिन १.१, ईजीएफआर ५२. घरच्यांच्या कानावर कुठून तरी ‘किडनी’ हा शब्द पडला आणि त्यांनी आजींची डाळ बंद केली, दूध बंद केलं, शेंगाची चटणी बंद केली. ज्वारीची भाकरी पाण्यात कुस्करून, असं त्यांचं जेवण सुरू झालं. वर्षाने त्यांना घेऊन आले तेव्हा घरात आनंद होता, कारण क्रिएटिनिन ०.८ वर आलं होतं आणि रिपोर्टवर ईजीएफआर ७५. मुलगा म्हणाला, ‘डॉक्टर, पथ्याने किडनी सुधारली.’ मी नाडी बघायला आजींचा हात वर उचलला आणि त्यांच्या हिरव्या बांगड्या मनगटावरून घसरत थेट कोपराच्याही वर गेल्या. दंडावर मांसच उरलं नव्हतं. खुर्चीतून उठताना त्या दोन्ही हातांनी टेबल धरत होत्या.

मी सिस्टॅटिन सी करायला सांगितलं. हे प्रथिन शरीरातल्या जवळजवळ सगळ्याच पेशी सारख्या गतीने बनवतात, त्यामुळे स्नायू किती आहेत यावर ते फारसं अवलंबून नसतं. ते आलं १.६. त्यावरून काढलेला ईजीएफआर ३६, आणि क्रिएटिनिन व सिस्टॅटिन दोन्ही घालून काढलेला ५२. म्हणजे किडनी सुधारलेली नव्हतीच. कमी झाले होते ते स्नायू. कचरा तयार होणंच थांबलं, म्हणून रक्त स्वच्छ दिसायला लागलं. त्या माऊलीला आम्ही उपाशी ठेवून बरं झाल्याचं समाधान मानत होतो. त्या ‘आम्ही’त मीही आहे, कारण डाळ बंद करू नका हे आदल्या वर्षी स्पष्ट शब्दांत सांगायला हवं होतं, ते मी सांगितलं नव्हतं.

म्हणून तुमच्या आईंच्या बाबतीत, ४२ किलो वजन वाचल्याबरोबर मला सिस्टॅटिन सी हवंसं वाटलं. ही तपासणी क्रिएटिनिनच्या कितीतरी पट महाग पडते, सगळीकडे लगेच होत नाही, नमुना बाहेरगावी जातो. दर वेळी नको. एकदाच, नेमका अंदाज घेण्यासाठी करा. जागतिक पातळीवर किडनीच्या उपचारांची दिशा ठरवणाऱ्या केडिगो या संस्थेनेही २०२४ च्या सूचनांमध्ये दोन्ही मिळून काढलेल्या आकड्याला जास्त वजन दिलं आहे. सिस्टॅटिनच्याही मर्यादा आहेत: धूम्रपान, लठ्ठपणा, थायरॉइडचं जास्त काम, स्टेरॉइडच्या गोळ्या, अंगातली सूज-दाह यांनी ते उगाच वाढतं. आईंना दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी कुणी स्टेरॉइड दिलं असेल तर आधी सांगा.

आणि जी तपासणी पॅकेजमध्ये नसते, पण मला सगळ्यांत आधी बघायची असते, ती रक्ताची नाहीच. सकाळच्या पहिल्या लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण. किडनीची चाळणी फाटायला लागली की अल्ब्युमिन गळू लागतं, आणि ते साध्या पट्टीवर दिसायच्या कितीतरी आधी या तपासणीत सापडतं. ३० च्या खाली असेल तर ५३ वाल्या किडनीबद्दल मी बराच निर्धास्त असतो. ३०० च्या वर असेल तर ईजीएफआर ७० असला तरी मी सावध होतो. शिवाय हे अल्ब्युमिन हृदयाचीही खबर देतं. किडनीतल्या बारीक रक्तवाहिन्या गळतात तेव्हा हृदयाच्या आणि मेंदूच्याही वाहिन्या सहसा धड नसतात. ताप असताना, लघवीला जळजळ असताना मात्र हा नमुना देऊ नका.

आता ज्या आकड्याने तुम्ही सर्वांत जास्त घाबरलात त्याकडे येतो. एनटी-प्रोबीएनपी. हृदयाच्या भिंतीवर ताण पडला की तिथल्या पेशी एक मोठा रेणू सोडतात. त्याचे दोन तुकडे होतात, एक बीएनपी आणि दुसरा हा. यातला बी म्हणजे ब्रेन, कारण १९८८ मध्ये जपानी संशोधकांना हा पदार्थ पहिल्यांदा डुकराच्या मेंदूत सापडला. तो मुख्यतः हृदयातून येतो हे नंतर कळलं. नावावरून मेंदूची काळजी करणारे लोक मला भेटतात, म्हणून हे सांगितलं.

१२५ ही रेषा ‘याच्या खाली असेल तर हार्ट फेल्युअर बहुधा नाही’ एवढं सांगायला आखलेली आहे. याच्या वर म्हणजे हार्ट फेल्युअर आहे, असं ती सांगत नाही. वयाने हा आकडा वाढतो. बारीक अंगाच्या माणसात जास्त असतो, लठ्ठ माणसात फसवा कमी असतो. रक्त कमी असेल तर वाढतो. ठोके अनियमित असतील तर खूपच वाढतो. आणि किडनी मंद असेल तर तो शरीराबाहेर नीट जात नाही, म्हणून साचतो. दम लागून इमर्जन्सीत आलेल्या माणसातसुद्धा आम्ही वयाप्रमाणे वेगळे आकडे धरतो: पन्नाशीच्या आत ४५०, पन्नास ते पंचाहत्तर ९००, त्यापुढे १८००. तुमच्या आई ७४ च्या, अंगाने बारीक, रक्त कमी, किडनी थोडी मंद. चारही कारणं एकाच घरात.

तरी ७८० सोडून देण्याजोगा नाही. ब्रिटनमधल्या सूचनांप्रमाणे लक्षणं असलेल्या माणसात ४०० ते २००० या टप्प्यात सापडलं तर ६ आठवड्यांत इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, आणि २००० च्या वर गेलं तर २ आठवड्यांत. मी हाच हिशोब पाळतो. आईंचा इको करा. आणि रिपोर्टवर ‘पंपिंग ६० टक्के’ एवढंच वाचून खूश होऊन फाईल मिटू नका. म्हाताऱ्या बायकांत, विशेषतः जुनं ब्लड प्रेशर असलेल्यांत, हृदय आकुंचन नीट पावतं पण सैल पडत नाही. पंपिंग चांगलं आणि तरीही हार्ट फेल्युअर, असं खूपदा असतं. इको करणाऱ्याला सांगा की डावा कर्णिका-कप्पा केवढा आहे आणि हृदय भरताना दाब किती, हेही लिहा.

तोवर तुम्ही फोनवर आईंना तीन गोष्टी विचारा. रात्री आडवं झाल्यावर दम लागून उठून बसावं लागतं का? पूर्वी एका उशीवर झोपायच्या, आता किती लागतात? आणि सिद्धेश्वराच्या दर्शनाला गेल्या तर पूर्वीसारखं चालवतं का, की मध्येच थांबतात? ‘दम लागायलाय’ असं म्हातारी माणसं आपणहून सांगत नाहीत, वय झालं म्हणून सोडून देतात. घरी कुणी असेल तर नडगीच्या हाडावर अंगठा दहा सेकंद दाबून धरायला सांगा. खड्डा पडून तसाच राहिला तर पाणी साचतंय. मात्र अम्लोडिपिननेही घोट्यावर सूज येते आणि त्याचा हृदयाशी किंवा किडनीशी काही संबंध नसतो, हे ध्यानात असू द्या.

आता मूळ मुद्दा. तुम्ही चार आकड्यांचे चार आजार मोजलेत. मी ते एकत्र वाचतो तेव्हा माझी नजर गुडघ्याच्या गोळीवर जाते. ती डायक्लोफिनॅक किंवा त्याच घराण्यातली असेल, तर एक गोळी बरंच काही समजावते. किडनीच्या प्रत्येक चाळणीला रक्त आणणारी एक बारीक नळी असते आणि नेणारी एक. वेदनाशामक गोळी आणणारी नळी आवळते. टेल्मिसार्टन नेणारी नळी सैल करतं. एकेकटं चालून जातं, दोन्ही एकदम झाली की चाळणीतला दाब पडतो आणि ईजीएफआर घसरतो. दोन्हींमुळे पोटॅशियम वाढतं. शिवाय ही गोळी मीठ-पाणी शरीरात धरून ठेवते, त्याने पाय सुजतात, ब्लड प्रेशर चढतं, हृदयावर ताण येतो आणि एनटी-प्रोबीएनपी वर जातं. वर सोलापूरचा मे, पारा ४३-४४ ला, आणि म्हाताऱ्या माणसाला तहान कमी लागते. अंगात पाणी कमी असताना घेतलेलं रक्त किडनीला आहे त्याहून वाईट दाखवतं. गोळीचं पाकीट मागवून नाव वाचा आणि ती बंद करा. गुडघ्यासाठी पॅरासिटामॉल, शेक आणि मांडीचे व्यायाम. अगदीच नाही भागलं तर वर लावायचं मलम, तेही डॉक्टरांना विचारून.

टेल्मिसार्टन मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका. ही चूक मी दर महिन्याला बघतो. हृदय आणि किडनी दोघांनाही दीर्घकाळ राखणाऱ्या काही गोळ्या सुरू केल्यावर क्रिएटिनिन थोडं वर जातंच. या गटातल्या गोळ्यांनंतर ३० टक्क्यांपर्यंतची वाढ आम्ही मान्य धरतो, पोटॅशियम आटोक्यात असेल तर गोळी चालू ठेवतो. लोक क्रिएटिनिन वाढलेलं बघतात, गोळी सोडतात, आकडा सुधारतो, आणि सहा महिन्यांनी दम लागून अॅडमिट होतात. दुसरा उलटा अनुभवही येतो: हृदय तुंबलेलं असेल तर किडनीतून रक्त परत निघायला जागा नसते, क्रिएटिनिन वाढतं, आणि लघवी जास्त होण्याची गोळी दिल्यावर ते वाढायच्या ऐवजी खाली येतं. त्यामुळे क्रिएटिनिन वर गेलं म्हणजे औषध वाईट, असा सरळ हिशोब इथे चालत नाही. पोटॅशियम पुन्हा केल्यावरही ५.५ च्या वर राहिलं तर डोस कमी करायचा की काय, ते तुमचे डॉक्टर ठरवतील. जुलाब-उलट्या झाल्या तर त्या दोन-तीन दिवसांत गोळी घ्यायची का, हे त्यांना आधीच विचारून ठेवा.

खाण्याबद्दल थोडंच. उन्हाळा म्हणून आईंना रोज शहाळं देत असाल तर पोटॅशियमचा निकाल लागेपर्यंत थांबवा. ‘लो सोडियम’ म्हणून मिळणारं मीठ घरात असेल तर तेही नको, कारण त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. लोणचं, पापड कमी. डाळ बंद करायची नाही.

हिमोग्लोबिन १०.२ चं खापर किडनीवर फोडू नका. ५३ वाली किडनी सहसा एवढं रक्त कमी करत नाही. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि बी-१२ तपासा. वेदनाशामक गोळ्यांनी पोटात बारीक रक्तस्राव होतो, तेही डोक्यात ठेवा.

ट्रोपोनिनचं, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणाऱ्या प्रथिनाचं, तुम्ही विचारलं नाहीत, पण अलीकडे ते पॅकेजमध्ये येऊ लागलंय म्हणून सांगतो. काही त्रास नसताना ते करू नका. किडनी मंद असलेल्या म्हाताऱ्या माणसात ते कायमच थोडं वर असतं आणि नाहक धावपळ होते. हार्ट अटॅक ओळखताना आम्ही एका आकड्यापेक्षा काही तासांत तो चढतोय का हे बघतो. आणि त्रास असेल तेव्हा घरी रक्त न्यायला कुणाला बोलवायचं नसतं. या वयात छातीत दुखेलच असं नाही. अचानक दम, दरदरून घाम, उलटी, जबडा किंवा पाठ भरून येणं, यातलं काही झालं तर जिथे ईसीजी लगेच निघतो तिथे न्या.

शेवटचं एक काम. आईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेलच. त्याआधी रक्त तपासलेलं असतं. तो कागद कपाटात साड्यांच्या घडीखाली, नाहीतर कापडदुकानाच्या पिशवीत सापडेल. ईसीजीचा कागद असेल तर त्याचा आधी फोटो काढा, ती शाई वर्षा-दोन वर्षांत उडते. मग क्रिएटिनिनची ओळ बघा. तीन-चार वर्षांपूर्वीही ते १.० किंवा १.१ असेल, तर ही आईंची नेहमीची किडनी आहे, आणि मी तीन महिन्यांनी पुन्हा रक्त आणि लघवी तपासा म्हणेन. तेव्हा ०.७ असेल, तर नेफ्रॉलॉजिस्टची, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांची, अपॉइंटमेंट याच आठवड्यात घ्या.